विषाणूच्या पाकिटातून औषध

मित्रांनो, विषाणूंना नावे कशी मिळतात याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? इबोला ही आफ्रिकेतील काँगो देशातली एक नदी आहे. झिका हे युगांडातील एक जंगल आहे. क्यासनूर हे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील अरण्य. एखादा नवा विषाणू प्रथम जेथे सापडला त्या जागेचे नाव त्याला द्यायचे, अशी शास्त्रज्ञांची जुनी रीत होती. या यादीत आपल्या विदर्भातलेही एक नाव आहे. ते म्हणजे चांदीपुरा. नागपूरजवळचे हे नाव आज जगभरच्या विषाणुशास्त्राच्या ग्रंथांत छापलेले आढळते.

चांदीपुऱ्याच्या विषाणूची ओळख मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा विषाणू अशी आहे, आणि ती खरीच आहे. पण याच विषाणूच्या घराण्यातील एका भावंडाचा अंगरखा वापरून आज डॉक्टर रोग्यांच्या पेशींत नवी जनुके पोचवतात. घराणे एकच, पण एकाकडून मृत्यू येतो आणि दुसऱ्याच्या अंगरख्यातून औषध जाते, हे कसे काय घडले? ते समजण्यासाठी आपण १९६५ सालच्या नागपुरात जाऊ.

तापाच्या साथीत सापडलेला पाहुणा

त्या वर्षी नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. ती डेंगी आणि चिकुनगुन्या या डासांमुळे पसरणाऱ्या तापांची होती. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. साथीच्या काळात येथील शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या रक्ताचे नमुने तपासायला घेतले.

विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग तो रक्तात आहे हे ओळखायचे कसे? त्यासाठी काचपात्रात जिवंत पेशी वाढवतात. त्या पेशींवर रक्तातील द्रव घालून वाट पाहतात. विषाणू असेल तर तो पेशीत शिरतो, तेथे आपली पिलावळ वाढवतो आणि पेशी आजारी पडू लागतात. सपाट पसरलेल्या पेशी गोल होतात, काचेवरून सुटतात आणि मरतात. चोर दिसला नाही तरी फोडलेल्या घरांवरून तो येऊन गेला हे कळते, तसाच हा प्रकार.

दोन रोग्यांच्या रक्तातून अशा रीतीने एक विषाणू हाती आला. तो डेंगीचा नव्हता आणि चिकुनगुन्याचाही नव्हता. माहीत असलेल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्यावर लावून पाहिली, तेव्हा तो अगदी नवा आहे असे ठरले. डॉ. प्रवीण भट्ट आणि डॉ. एफ. एम. रॉड्रिग्ज या दोघा शास्त्रज्ञांनी १९६७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याचे नाव ठेवले चांदीपुरा विषाणू. डॉ. भट्ट पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात गेले आणि प्रयोगशाळेतील उंदीर वगैरे प्राण्यांना होणाऱ्या विषाणुरोगांचे जाणकार म्हणून प्रसिद्धी पावले.

बंदुकीच्या गोळीसारखा

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चांदीपुऱ्याचा विषाणू कसा दिसतो? हुबेहूब बंदुकीच्या गोळीसारखा! एक टोक गोल आणि दुसरे सपाट. त्याची लांबी सुमारे १५० ते १६५ नॅनोमीटर असते. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे सहा हजारांहून अधिक विषाणू एकामागे एक मावतील.

या गोळीच्या आत आर.एन.ए.चा एक धागा गुंडाळलेला असतो. त्यावर सुमारे अकरा हजार अक्षरांचा मजकूर असतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. त्यापुढे हा मजकूर म्हणजे एक चिठ्ठीच. या चिठ्ठीत फक्त पाच जनुके आहेत. त्यांपासून पाच प्रथिने तयार होतात आणि तेवढ्यावर विषाणूचा सारा संसार चालतो.

या पाचांपैकी एकाकडे आपण नीट लक्ष देऊ. त्याचे नाव ‘जी’ प्रथिन. विषाणूच्या बाहेरील स्निग्ध आवरणावर ते काट्यांसारखे उभे असते. पेशीचे दार उघडण्याचे काम याच प्रथिनाचे. पेशीच्या पृष्ठभागावर अन्नद्रव्ये आत घेण्यासाठी निरनिराळ्या कड्या असतात. ‘जी’ प्रथिन अशा एखाद्या कडीला धरते. पेशीला वाटते, काही उपयोगाचा माल आला आहे. ती विषाणूला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. थोड्या वेळाने पिशवीतील द्रव आम्लधर्मी होऊ लागतो. आम्लाचा स्पर्श होताच ‘जी’ प्रथिन आपला आकार बदलते, पिशवीच्या भिंतीत घुसते आणि विषाणूचे आवरण त्या भिंतीशी जोडून टाकते. वाट मोकळी होते आणि आतली चिठ्ठी पेशीच्या पोटात जाऊन पडते. हा आम्लाचा मुद्दा लक्षात ठेवा. पेशीने आत घेण्याआधीच दार उघडले तर चिठ्ठी बाहेरच सांडेल. म्हणून आम्ल लागेपर्यंत कुलूप बंदच राहते.

विसरलेला विषाणू परत येतो

चांदीपुऱ्याचा विषाणू सापडला खरा, पण प्रारंभी त्याची फारशी धास्ती कोणाला वाटली नाही. पुढे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, परिसरातील वाळूमाशीत तो सापडला आणि त्याचे वाहन कळले. वाळूमाशी डासापेक्षा बरीच लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे ओलसर कोपरे आणि शेणकचरा ही तिची राहण्याची आणि अंडी घालण्याची ठिकाणे. रात्री बाहेर पडून ती रक्त शोषते.

मग २००३ साल उजाडले. आंध्र प्रदेशात लहान मुले अचानक तापाने फणफणू लागली. उलट्या, झटके, बेशुद्धी आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांतच मृत्यू, असा क्रम दिसत होता. बाधा झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ मुले दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपास केला तेव्हा नागपूरजवळचा तो जुना विषाणू पुन्हा समोर उभा राहिला. २००४ साली गुजरातच्या पूर्व भागात आणि २००७ साली आपल्या नागपूर विभागात त्याने मुलांना गाठले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा मोठी साथ आली. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रोगी नोंदले गेले. त्यांपैकी ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुऱ्याचा विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

या रोगावर खास औषध नाही आणि बाजारात लसही नाही. झटके आवरणे, मेंदूची सूज उतरवणे, श्वास चालू ठेवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणूनच वेळेला फार महत्त्व आहे.

गुराढोरांचे दुखणे आणि एक उपयोगी भावंड

आता या घराण्यातील दुसऱ्या विषाणूला भेटू. अमेरिका खंडात गाई, घोडे आणि डुकरे यांना एक रोग होतो. तोंडात, जिभेवर आणि खुरांजवळ फोड येतात. जनावर लाळ गाळते आणि चारा सोडते. दिसायला तो आपल्याकडील लाळ्या-खुरकुतासारखा, पण त्याचा विषाणू निराळा आहे. त्याला व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू म्हणतात. आपण त्याला ‘फोडविषाणू’ म्हणू. तोही गोळीच्याच आकाराचा, पाचच जनुकांचा, आणि त्याच्याही अंगावर ‘जी’ प्रथिनाचे काटे. चांदीपुऱ्याचा आणि हा, दोघे एकाच घराण्यातले.

हा विषाणू काचपात्रातील पेशींत भराभर वाढतो. त्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याचा कसून अभ्यास केला. त्यात एक नवल आढळले. १९७२ साली चेकोस्लोव्हाकियाचे शास्त्रज्ञ यान झावाडा यांनी एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू वाढवले. तेव्हा काही विषाणूंची अदलाबदल झाली. आतला मजकूर एकाचा आणि वरचा अंगरखा दुसऱ्याचा! म्हणजे पत्र एकाचे आणि पाकीट दुसऱ्याचे. अशा वेषांतर केलेल्या विषाणूला आपण ‘छद्मवेषी विषाणू’ म्हणू.

पत्र कोणते न्यायचे?

याच १९७२ साली अमेरिकेत थिओडोर फ्रीडमन आणि रिचर्ड रॉब्लिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रश्न मांडला. जनुकातील दोषामुळे होणारे रोग निर्दोष जनुक देऊन बरे करता येतील का? यालाच आज आपण जनुकोपचार म्हणतो.

एक उदाहरण घेऊ. विदर्भात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग बऱ्याच कुटुंबांत आढळतो. तुमच्या वर्गातही एखाद्या मित्राला तो असेल. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. तिच्या जनुकातील फक्त एक अक्षर बदलते, आणि सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. एवढ्याशा चुकीने तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

दोष एका अक्षराचा आहे हे कळले. बरोबर अक्षर कोणते हेही कळले. मग अडचण कोणती? अडचण पत्र पोचवण्याची! नुसते जनुक पेशीवर टाकले तर पेशी त्याला सहजासहजी आत घेत नाही. मग आपला मजकूर पेशीच्या आत नेऊन ठेवण्यात पटाईत कोण? विषाणू! म्हणून विषाणूच्या पोटातील रोगाचा मजकूर काढून टाकायचा आणि त्या जागी आपले जनुक ठेवायचे, अशी युक्ती पुढे आली. अशा विषाणूला ‘वाहक’ म्हणतात.

वाट सोपी नव्हती

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर जनुकोपचाराचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. तिच्या शरीरात रोगप्रतिकारासाठी लागणारे एक विकर तयार होत नव्हते. प्रयोग सुखरूप पार पडला आणि सर्वत्र उत्साह पसरला. पण १९९९ साली दुसऱ्या एका चाचणीत वाहक म्हणून वापरलेल्या विषाणूविरुद्ध शरीराने तीव्र प्रतिक्रिया दिली आणि १८ वर्षांचा एक तरुण मरण पावला. फ्रान्समध्ये काही बालके जनुकोपचाराने जन्मजात दोषातून मुक्त झाली, पण पुढे त्यांच्यापैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाला. नवे जनुक नको त्या जागी, पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या एका जनुकाजवळ, जाऊन बसले होते.

मित्रांनो, विज्ञान असेच पुढे जाते. या घटनांनंतर काही चाचण्या थांबवल्या गेल्या, नियम कडक झाले आणि शास्त्रज्ञ पुन्हा वाहकाच्या रचनेकडे वळले.

पाकीट बदलले

त्या वेळचे बरेच वाहक उंदराच्या विषाणूपासून बनवलेले होते. त्यांच्यात दोन उणिवा होत्या. त्यांचे आवरण नाजूक होते आणि ते फक्त विभाजन होत असलेल्या पेशींतच जनुक बसवू शकत.

पहिली उणीव १९९३ साली दूर झाली. जेन बर्न्स, फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहकाला फोडविषाणूचे ‘जी’ प्रथिन चढवले. हे पाकीट दणकट निघाले. वाहक गोळा करून दाट केले तरी ते फाटत नसे. शिवाय ते जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत शिरू शके. याचे एक कारण २०१३ साली उलगडले. कोलेस्टेरॉल आत घेण्यासाठी पेशींवर जी कडी असते तीच हे प्रथिन धरते, आणि ही कडी बहुतेक सर्व पेशींवर असते.

दुसरी उणीव दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांनी मोठे धाडस केले. एड्सचा विषाणू विभाजन थांबलेल्या पेशींतही मजकूर बसवू शकतो. मग त्याचेच दात काढून त्याला कामाला लावले तर? १९९६ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत लुइजी नाल्दिनी, दिदिए त्रोनो, इंदर वर्मा आणि सहकाऱ्यांनी असा वाहक बनवून उंदरांच्या मेंदूतील पेशींत जनुक पोचवून दाखवले. यातील वर्मा मूळचे पंजाबचे. प्राण्यांत कर्करोग घडवणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासापासून सुरुवात करून ते जनुकोपचाराकडे वळले होते. या वाहकाचे अंतरंग एड्सच्या विषाणूकडून घेतलेले होते, पण पाकीट होते फोडविषाणूच्या ‘जी’ प्रथिनाचे.

‘पण मग रोग्याला एड्स होणार नाही का?’ असा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. म्हणून हे वाहक कसे बनवतात ते पाहा. विषाणूचा मजकूर तीन-चार वेगळ्या तुकड्यांत वाटून प्रयोगशाळेतील पेशींत घालतात. एका तुकड्यावर आपले उपयोगी जनुक असते. दुसऱ्यावर आतील सांगाड्याची कृती आणि तिसऱ्यावर पाकिटाची. रोग घडवणारी जनुके मुळातच वगळलेली असतात. पाकिटात शिरण्याचे ‘तिकीट’ फक्त पहिल्या तुकड्याला लावलेले असते. त्यामुळे तयार झालेल्या वाहकात केवळ आपले जनुक भरले जाते. पत्र पोचते, पण नवे पाकीट कसे बनवायचे याची कृतीच आत नसल्यामुळे पुढे पिलावळ होत नाही.

फळे दिसू लागली

२०१७ साली अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगावर अशा वाहकाने घडवलेल्या पेशींच्या उपचाराला मान्यता मिळाली. रोग्याच्या रक्तातील टी पेशी बाहेर काढतात. वाहकामार्फत त्यांना एक नवे जनुक देतात. त्यामुळे त्या कर्करोगाच्या पेशी ओळखू लागतात. मग त्या परत रोग्याला देतात.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. पवईची आय.आय.टी., टाटा स्मारक केंद्र आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. परदेशी उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो मिळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी हिमोफिलिया झालेल्या पाच रोग्यांवर याच जातीचा वाहक वापरला. उपचारानंतर पाहणीच्या काळात त्यांना रक्तस्राव झाला नाही, असे त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

आणि सिकलसेल? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्यावरील दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली. त्यांपैकी एकात रोग्याच्या रक्तपेशींच्या मूळपेशी बाहेर काढून अशाच वाहकाने त्यांत सुधारलेले हिमोग्लोबिनचे जनुक घालतात. मात्र त्याची किंमत ३१ लाख डॉलर आहे! शिवाय रक्ताच्या कर्करोगाच्या संभाव्य धोक्याचा ठळक इशाराही त्या औषधावर छापलेला असतो. ज्या खेड्यांत हा रोग आहे तेथील मुलांपर्यंत हा उपचार पोचायचा तर तो स्वस्त आणि अधिक सुरक्षित व्हायला हवा. हे काम अजून उरले आहे.

चांदीपुऱ्याचे पाकीट

फोडविषाणूच्या पाकिटातही एक खोड आहे. माणसाच्या रक्तात ‘पूरक प्रथिने’ असतात. परके आवरण दिसले की ती त्याला भोके पाडतात. हे पाकीट त्यांच्या माऱ्यापुढे टिकत नाही. म्हणून असे वाहक सरळ शिरेतून देण्यापेक्षा पेशी शरीराबाहेर काढून उपचार करणे सोयीचे पडते. पण त्याने खर्च आणि खटाटोप वाढतो.

मग दुसरे पाकीट शोधायचे कोठे? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चांदीपुरा विषाणूचे ‘जी’ प्रथिन वाहकाला चढवून पाहिले गेले. वाहक भरपूर तयार झाले आणि अनेक प्रकारच्या पेशींत शिरले. रक्ताच्या मूळपेशींत त्यांचा प्रवेश जुन्या पाकिटापेक्षा कमी पडला, हे खरे. पण माणसाच्या रक्तातील पूरक प्रथिनांपुढे हे पाकीट अधिक टिकले! हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. परंतु १९६५ साली नागपुरातील दोन रोग्यांच्या रक्तात सापडलेल्या विषाणूचे एक प्रथिन उद्या कदाचित शिरेतून जनुक नेण्याच्या कामी येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली आहे.

एक मात्र विसरू नका. पाकीट उपयोगी ठरले म्हणून मूळ विषाणू निरुपद्रवी होत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्या. शेण व कचरा घरापासून दूर ठेवा. झोपताना अंगभर कपडे घाला. मच्छरदाणी बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली असावी, कारण साध्या जाळीतून वाळूमाशी आत शिरते. आणि घरातील लहान भावंडाला जोराचा ताप येऊन झटके आले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला त्याला रुग्णालयात न्यायला वडीलधाऱ्यांना सांगा.

चांदीपुऱ्याच्या विषाणूवर लस कोण तयार करील? सिकलसेलचा उपचार गडचिरोलीच्या खेड्यापर्यंत कोण नेईल? हे दोन्ही प्रश्न आपल्याच मातीतले आहेत, आणि दोन्हींची उत्तरे अजून मिळायची आहेत. ती शोधणारा शास्त्रज्ञ आज कदाचित तुमच्याच शाळेच्या एखाद्या बाकावर बसलेला असेल.